उपवास जुना, फराळ नवा

आषाढी एकादशीनंतरच्या दोन-तीन दिवसांत सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मधुमेहाच्या रुग्णांची रांग जरा लांबते. कुणाची साखर साडेतीनशेवर गेलेली असते. कुणाला वाटेत दरदरून घाम फुटून चक्कर आलेली असते. कुणाच्या तळपायाला अनवाणी चालून फोड आलेला असतो आणि घरच्यांनी रक्ताचा डाग दाखवेपर्यंत त्याला तो कळलेलाही नसतो. आमच्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला आषाढीला पंढरपूर गाठता आलं नाही, तर तो नारायणगडाची वाट धरतो. संत नगद नारायण महाराजांच्या या गडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. त्या दिवशी गावोगावच्या दिंड्या गडाकडे निघतात आणि वाटेवर ठिकठिकाणी फराळाचं वाटप चालू असतं.

रांगेतल्या माणसाला 'काल काय खाल्लं होतं?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. 'काहीच न्हाई सायेब, उपास होता. निस्ती खिचडी.'

या 'निस्ती खिचडी'बद्दल आज लिहायचं आहे. उपवासाच्या विरोधात एक अक्षरही लिहायचं नाही, हे आधीच सांगतो. महिन्यातून दोन दिवस पोटाला विश्रांती द्यावी, जिभेवर ताबा ठेवावा, तो वेळ भजनात घालवावा, यात डॉक्टरनं हरकत घ्यावी असं काहीच नाही. निरोगी माणसाला एक दिवस कमी खाल्ल्यानं काही होत नाही. माझी हरकत ताटाला आहे. उपवासाचा नियम शेकडो वर्षांचा आहे, पण त्या दिवशीचं ताट मात्र अगदी अलीकडचं आहे. आणि आपण त्या ताटालाच धर्म समजून बसलो आहोत.

आधी ताटात काय आहे ते पाहू. शंभर ग्रॅम कोरडा साबुदाणा घेतला तर त्यात सुमारे ८७ ग्रॅम पिष्ट असतं. प्रथिनं एक ग्रॅमही नसतात, तंतू जवळजवळ नसतात, लोह नावापुरतं. म्हणजे ती पांढरी मोत्यासारखी गोळी म्हणजे निव्वळ स्टार्च. त्यात दाण्याचा कूट, बटाट्याच्या फोडी आणि पळीभर तूप किंवा तेल घातलं की एका भरल्या ताटलीत साडेसहाशेच्या आसपास कॅलरी होतात. दोन-तीन मध्यम भाकऱ्यांचा ऐवज झाला हा. फरक असा की ज्वारीची भाकरी पोटात हळूहळू पचते, तिच्यात तंतू आहेत, दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आहेत. भिजवून परतलेल्या साबुदाण्याची मात्र रक्तात साखर व्हायला फारसा वेळ लागत नाही. त्यातल्या त्यात दाण्याचा कूट हीच काय ती खिचडीची जमेची बाजू. दुपारी खिचडी, संध्याकाळी पुन्हा बटाट्याचा कीस किंवा वडे, मधे चार वेळा साखरेचा चहा, दोन केळी. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच आज्यांनी करून ठेवली आहे. कुठल्या आहारतज्ज्ञानं नव्हे.

आता या पदार्थांचा जन्मदाखला पाहू. मिरची, बटाटा, शेंगदाणा, रताळं आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हे पाचही अमेरिका खंडातले. बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ राजगिऱ्याचा दाणाही तिथलाच मानतात. वास्को-द-गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. यातलं बरंचसं त्यांच्या जहाजांतून नंतर आलं. ज्ञानेश्वर माउलींनी समाधी घेतली १२९६ मध्ये. म्हणजे माउलींच्या, नामदेवांच्या एकादशीला यातला एकही पदार्थ असणं शक्य नव्हतं. बटाटा हा शब्दच पोर्तुगीज आहे. काजू, अननस, पपई, पेरू हेही त्याच वाटेनं आलेले शब्द. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात रानोमाळ उगवणारं सीताफळ, ज्याला 'बीडचं सीताफळ' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्याचंही मूळ घर अमेरिकेतलंच सांगतात. नाव मात्र आपण सीतामाईचं दिलं. परक्याला घरचं नाव देऊन ओसरीवर बसवायची आपली ही जुनी रीत आहे, आणि ती मला मनापासून आवडते. फार मागे गेलं तर ज्वारी-बाजरीसुद्धा आफ्रिकेतून आलेली आहे. पण तिला इथं येऊन काही हजार वर्षं झाली, त्यामुळे तिच्याकडे कुणी दाखला मागत नाही.

गंमत उपवासाच्या नियमांत आहे. हळद चालत नाही, मोहरी चालत नाही, तूरडाळ चालत नाही. हे सगळे आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या पिकणारे पदार्थ. आणि ब्राझील-पेरूकडून आलेला बटाटा, मिरची, शेंगदाणा चालतो! मला याचं कारण साधं वाटतं. ज्यांनी नियम केले, त्यांनी आपल्याला ठाऊक असलेलं अन्न वर्ज्य केलं. जे त्यांनी पाहिलंच नव्हतं, ते वर्ज्य करणार कसं? नवे पदार्थ नियमांच्या फटीतून आत आले आणि पुढच्या पिढ्यांनी ते 'उपासाचे' म्हणून मानून घेतले. टोमॅटो त्याच जहाजातला, पण बहुतेक घरांत त्याला उपवासाला प्रवेश नाही. का, ते मी अनेक कीर्तनकारांना विचारून पाहिलं. ते हसतात आणि विषय बदलतात.

'फराळ' हा शब्दच पाहा. तो आला फलाहारावरून. आज फराळाच्या ताटात फळ शोधावं लागतं.

साबुदाण्याची गोष्ट तर आणखी जवळची आहे. मूळ साबुदाणा निघायचा सागू नावाच्या ताडाच्या खोडातल्या गाभ्यापासून. हे झाड मलाया-इंडोनेशियाकडचं, आणि सागू हा शब्दही तिकडचाच. तो माल जहाजानं आपल्याकडे यायचा. कसावा, म्हणजे केरळात ज्याला कप्पा म्हणतात तो कंद, पोर्तुगीजांनी दक्षिण अमेरिकेतून केरळात आणला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी दुष्काळावर उपाय म्हणून तो लावायला प्रोत्साहन दिलं. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडून येणारा साबुदाणा बंद झाला आणि १९४० च्या दशकात तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात याच कंदाच्या पिठापासून गोळ्या करण्याचे कारखाने उभे राहिले. आज गडाच्या पायथ्याशी कढईत पडणारा साबुदाणा बहुतेक त्याच भागातून येतो. म्हणजे ज्या खिचडीला आपण परंपरा म्हणतो, तिचा आजचा अवतार फार तर माझ्या वडिलांच्या वयाचा आहे.

हाच कंद ज्या देशानं सगळ्यात जास्त विकला, तो देश थायलंड. कसाव्याच्या पिठाचा आणि वाळवलेल्या कापांचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार. तिथल्या ताटाकडे थोडं पाहून येऊ, कारण अन्न बदलतं आणि रीत टिकते, हे तिथं फार स्वच्छ दिसतं. आणि उपवास नियमानं पाळूनही माणसं आजारी कशी पडतात, तेही.

थाई जेवण म्हटलं की डोळ्यांत पाणी आणणारी मिरची आठवते. पोर्तुगीज अयुथयाच्या दरबारी पोचले १५११ मध्ये, म्हणजे गोवा घेतल्यानंतर लगेच. मिरची त्यांच्या व्यापाराबरोबर आली. त्याआधी तिखटपणा यायचा तो काळ्या मिऱ्यातून. थाई भाषेत मिऱ्याला 'फ्रिक' म्हणत. मिरचीनं ते नावच बळकावलं आणि बिचाऱ्या मिऱ्याला 'फ्रिक थाई', म्हणजे 'थाई मिरची', असं नवं नाव घ्यावं लागलं. आपल्याकडेही मिऱ्यावरूनच मिरची झाली. दोन टोकांच्या दोन भाषांनी एकाच पाहुणीचं नामकरण एकाच पद्धतीनं केलं. त्यांची मस्समन नावाची आमटी दालचिनी, वेलदोडा, जायफळ घालून करतात. नाव 'मुसलमान'वरून आलेलं, मसाले इराण-हिंदुस्थानाकडच्या व्यापाऱ्यांचे. शेवया आणि कढईत परतण्याची पद्धत चिनी. लग्नकार्यात शुभ म्हणून मान असलेली 'फॉइ थाँग', म्हणजे साखरेच्या पाकात सोडलेल्या अंड्याच्या बलकाच्या सोनेरी तारा, हे सरळ पोर्तुगीज पक्वान्न. आणि जगभर थायलंडची ओळख झालेलं 'पॅड थाई' हे राष्ट्रीय खाणं तर दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास पंतप्रधान फिबून सोंगख्राम यांच्या सरकारनं मुद्दाम प्रचार करून रुजवलं. आपल्या कारखान्यातल्या साबुदाण्याचं आणि त्याचं वय साधारण सारखंच निघेल.

पण जेवायची रीत त्यांची आपली अशी आहे. मधे भाताचं भांडं, भोवती चार-पाच पदार्थ सगळ्यांत मिळून. प्रत्येकानं आपल्या ताटलीत एका वेळी एक-दोन चमचेच घ्यायचे, संपले की पुन्हा घ्यायचे. एकदम डोंगर वाढून घेणं तिथं असभ्य. काटा-चमचा त्यांच्या हातात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजदरबारातून आला, त्याआधी तेही हातानंच जेवत. ईशान्येकडच्या ईसान भागात चिकट भाताचा गोळा अजूनही बोटांनीच खातात. 'जेवलात का?' हा तिथं नमस्काराइतका सहज प्रश्न आहे. आपल्या खेड्यात काय वेगळं आहे?

आता मुद्द्यावर येतो. थायलंडमधले बौद्ध भिक्खू दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत घन अन्न घेत नाहीत. म्हणजे त्यांचा उपवास रोजचा. तरीही चुलालाँगकॉर्न विद्यापीठाच्या प्राध्यापिका जोंगजित अंगकाटावनिच यांच्या गटानं भिक्खूंची तपासणी केली, तेव्हा जवळपास निम्मे भिक्खू लठ्ठ निघाले. मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल यांचे रुग्णही पुष्कळ. दिवसातून एक-दोनदाच जेवणारी माणसं लठ्ठ कशी? उत्तर नियमाच्या फटीत सापडलं. बारानंतर घन अन्न वर्ज्य, पेय मात्र चालतं. मूळ नियमात फळांचा गाळलेला रस होता. आता त्या जागी आली बाटलीबंद गोड सरबतं, साखरेची कॉफी, ऊर्जापेयं. शिवाय भिक्खूनं निवड करायची नाही. सकाळी भिक्षापात्रात भक्त जे घालतील ते स्वीकारायचं. आणि भक्त प्रेमानं काय घालणार? गोड, तळलेलं, नारळाच्या दुधातलं, बाजारातलं तयार पाकीट.

नियम शाबूत आहे. त्यात शिरलेलं अन्न बदललं आहे. 'बारानंतर काही खाल्लं नाही, नुसतं सरबत' आणि 'काही खाल्लं नाही, निस्ती खिचडी' ही दोन वाक्यं मला एकाच आईची लेकरं वाटतात.

तिथं पुढं काय केलं, ते आपण शिकण्यासारखं आहे. कुणी भिक्खूंना 'उपवास सोडा' असं सांगितलं नाही. २०१७ मध्ये भिक्खूंच्या आरोग्याची राष्ट्रीय सनद केली गेली आणि ती करण्यात संघाची माणसंही होती. भिक्खूंना चालण्याचा, विहाराची झाडलोट करण्याचा व्यायाम सुचवला. आणि भिक्षा घालणाऱ्यांना सांगितलं की कमी गोड, कमी खारट, भाजी जास्त असलेलं घाला, कारण पुण्य पदार्थ किती गोड आहे यावर मोजलं जात नाही. त्याच वर्षी सरकारनं गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणात कर बसवला. या सगळ्यात मला सर्वांत शहाणपणाची वाटली ती एकच गोष्ट. दुरुस्ती घेणाऱ्याच्या ताटात नव्हे, देणाऱ्याच्या हातात केली.

आपल्याकडे तेच करायला हवं. प्रसाद नाकारता येत नाही. गडाच्या वाटेवर कुणी द्रोण पुढे केला तर मधुमेही म्हातारी 'मला नको' म्हणू शकत नाही. तिला ते देवाला नको म्हटल्यासारखं वाटतं. तिला ओपीडीत बसवून 'आजी, खिचडी खाऊ नका' असं सांगणारा डॉक्टर आपलं काम केल्याचं समाधान तेवढं मिळवतो. बोलायला हवं ते ज्याच्या हातात झारा आहे त्याच्याशी.

आणि आपली पंगतीची रीत. ती मोठी आहे. मांडीला मांडी लावून, कोण कुणाचा हे न विचारता एकत्र जेवणं, काल्याच्या दिवशी एकमेकांच्या तोंडात घास घालणं, हे वारकऱ्यांनी या प्रदेशाला दिलेलं मोठं देणं आहे. पण पंगतीत एक गृहस्थ असतो, आग्रहाचा वाढपी. 'माउली, अजून थोडी!' म्हणत तो झाऱ्याभर खिचडी टाकून पुढे सरकतो, आणि पानात टाकायचं नाही म्हणून खाणारा ती संपवतो. इथं थाई रीत उसनी घ्यायला हरकत नाही. एका वेळी थोडं, लागलं तर पुन्हा. आग्रह करायचाच असेल तर ताकाचा करावा.

मधुमेही वारकऱ्यांसाठी दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हे दुसऱ्या कुणासाठी लिहिलंय असं समजू नका. एकादशीला या लोकांचं दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. सकाळी गोळी घेतली, काही न खाता दिंडीत दहा-बारा किलोमीटर चालले, की साखर ७० च्या खाली उतरते. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांसमोर अंधारी, असंबद्ध बोलणं. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका जास्त. मेटफॉर्मिन एकटीच चालू असेल तर तो कमी. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची. तिथं उपवासाचा विचार करायचा नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा. दुसरी बाजू याच्या उलट. 'आज उपास आहे' म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद ठेवायची आणि दुपारी दोन ताटल्या खिचडी खायची. मग साखर साडेतीनशे. दशमीच्या आधी, आठवडाभर तरी, आपल्या डॉक्टरला भेटून त्या दिवशी कुठली गोळी किती घ्यायची ते लिहून घ्या. आणि ज्यांना तळपायाला मुंग्या येतात किंवा पाय बधिर वाटतात, त्यांनी चप्पल घालूनच चालावं. बधिर पायाचा फोड बोट घेऊन जातो.

परंपरेचं म्हणून निर्धोक, असं अन्नाच्या बाबतीत कधीच नसतं. ईसानमध्ये नदी-तळ्यातल्या कच्च्या माशाचं लिंबू पिळून 'कोई प्ला' करून खातात. पिढ्यान्‌पिढ्यांचा आवडता पदार्थ. त्या माशात यकृतात जाणाऱ्या एका कृमीच्या अळ्या असतात, लिंबानं त्या मरत नाहीत, आणि वर्षानुवर्षं ती कृमी पित्तनलिकेत राहून कर्करोग घडवते. खोन केन भागात पित्तनलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त आढळलं आहे. तोच मासा शिजवला की धोका संपतो. पण शिजवलेल्याला ती चव नाही, असं म्हातारी माणसं तिथल्या डॉक्टरांना ऐकवतात. आमच्या ओपीडीतही याच सुरात बोलणारे कमी नाहीत.

आपल्याकडे ही गोष्ट भगरीची आहे. खरं तर भगर हा उपवासाच्या ताटातला अस्सल देशी दाणा, वरईचा. पोषणातही साबुदाण्यापेक्षा कितीतरी सरस. काही घरांत ती धान्य म्हणून एकादशीला चालत नाही, पण मराठवाड्यात भगर आणि दाण्याची आमटी हा उपवासाचा राजमान्य बेत. मात्र नवरात्रात, महाशिवरात्रीला, एकादशीला भगरीतून विषबाधेच्या बातम्या आपल्याकडे वारंवार येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले. दवाखान्यात जागा पुरेना, रस्त्याकडेला दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. ते फोटो राज्यभर सगळ्यांनी पाहिले.

प्रत्येक वेळी कारण एकच असेल असं नाही. कधी पाणी दूषित असतं, कधी सकाळी शिजवलेलं संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलेलं असतं. पण भगरीला ओल लागली की तिच्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिची विषद्रव्यं दाण्यात उतरतात. मग मळमळ, उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं. उकळल्यानं ही विषद्रव्यं जातीलच असा भरवसा नाही. पिठात ओल जास्त धरते, म्हणून भगरीचं तयार पीठ सुटं आणू नये. अख्खी भगर, बंद पाकिटातली, तारीख पाहून आणावी, निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळावी आणि उरलेली पुढच्या नवरात्रापर्यंत डब्यात ठेवू नये. मोठ्या प्रसादासाठी स्वस्तात पोत्यानं उचललेली जुनी भगर ही तर आगीशी खेळी आहे. अन्न व औषध प्रशासनानं सूचनापत्रकं काढून थांबू नये. सणाच्या आधी पंधरा दिवस मोंढ्यात जाऊन नमुने घ्यावेत आणि निकाल सणाच्या आधी जाहीर करावेत. नमुन्याचा अहवाल माणसं बरी होऊन घरी गेल्यावर आला तर त्याचा उपयोग कुणाला?

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो खोटा नाही. हजार माणसांना स्वस्तात, झटपट, एका कढईत होणारा दुसरा पदार्थ सांगा! साबुदाणा रात्री भिजवला की सकाळी तासाभरात खिचडी तयार. म्हणून तर तो जिंकला. मला तो हद्दपार करायचाही नाही. निम्मा साबुदाणा आणि निम्मी भगर केली, दाण्याचा कूट वाढवला, बटाटा कमी केला, बरोबर काकडीची कोशिंबीर आणि बिनसाखरेचं ताक ठेवलं, तरी चित्र बदलतं. राजगिऱ्याच्या पिठात १३ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, लोह आणि कॅल्शियम चांगलं असतं. त्याच्या भाकऱ्या आणि दह्यातली भाजी हा घरच्या उपवासाला खिचडीपेक्षा कितीतरी चांगला बेत. उकडलेलं रताळं, सुरण, कवठाची चटणी, पेरू, आणि मोसमात आपलं सीताफळ, पण मधुमेह्यांनी एखादंच. यातलं निम्मं आपल्या शिवारात पिकतं.

बायकांच्या उपवासाबद्दल वेगळं लिहायला हवं, आज थोडक्यात. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. एकादशी, चतुर्थी, सोमवार, गुरुवार, नवरात्र असे उपवास धरले तर आमच्याकडच्या कितीतरी बायका महिन्यातले दहा-बारा दिवस चहा आणि खिचडीवर काढतात, आणि त्यातल्या अनेक जणी ऊसतोडीला जाणाऱ्या आहेत. पहाटे चारला उठून चूल पेटवायची, दिवसभर मोळ्या उचलायच्या आणि उपास असेल तर फडात बसून थंडगार खिचडी गिळायची. वरचेवर होणारा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. अशा बाईला मी उपवास कमी करा असं सांगतो, आणि सांगताना सासूबाईंना खोलीत बोलावून घेतो. उपवासाच्या दिवशी चहाऐवजी राजगिऱ्याचा लाडू आणि ताक, एवढं जरी दोघींनी मान्य केलं तरी सहा महिन्यांत रिपोर्टमध्ये फरक दिसतो.

कीर्तनकारांबद्दल मला आशा वाटते. गडावर एका कीर्तनात जितकी माणसं बसतात तितकी माझ्या ओपीडीत वर्षभरात येत नाहीत. व्यसनाविरुद्ध बोलून अनेक महाराजांनी घरं वाचवली आहेत. मग फराळाबद्दल का बोलू नये? बुवांनी 'फराळ म्हणजे फलाहार' एवढं फोडून सांगितलं तरी आमचं निम्मं काम होईल, आणि त्यांच्या तोंडून ते रुचेलही.

येत्या आषाढीसाठी नारायणगडाच्या वाटेवर फराळ वाटणाऱ्या मंडळांना आणि दिंडीप्रमुखांना माझं मागणं छोटं आहे. दर वाटपाच्या ठिकाणी एक भांडं बिनसाखरेच्या ताकाचं, एक परात उकडलेल्या शेंगांची, द्रोण आता आहे त्याच्या निम्म्या आकाराचा. प्राथमिक आरोग्य केंद्राकडून एक ग्लुकोमीटर आणि एक आशाताई मागून घ्या, बाजूला साखरेचा डबा ठेवा. आणि वाढायला सुरुवात करण्याआधी कुणीतरी खणखणीत आवाजात विचारा, 'माउली, शुगरवाले कोण कोण आहेत?' पहिल्यांदा दोन-चार हात वर होतील. मग शेजारचा शेजाऱ्याला कोपर मारेल आणि अर्धी पंगत हात वर करेल.